मुलाची उंची आणि मुलाला पडलेले नाव



तीन वर्षांपूर्वीच्या वर्षावासातली गोष्ट. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बाया जमत होत्या, सोबत लेकरेही येत होती. आम्ही ठरवले की एका रविवारी मुलांची वजने आणि उंची मोजू. काटा मागून आणला, भिंतीला टेप चिकटवला. एक जण मोजायची, ती मोठ्याने सांगायची आणि दारापाशी बसलेली दुसरी वहीत लिहायची. सत्तरेक मुले झाली. दहा वर्षांचा एक मुलगा काट्यावर उभा राहिला तेव्हा आमच्यातलीच एक ओरडली, "अठरा किलो! दहा वर्षांचा आणि अठरा किलो? माय काय करते याची?" मुले हसली. आम्हीही हसलो असू, आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्या मुलाचे नाव 'अठरा किलो' पडले. शाळेत ते नाव कोणी पोचवले? वस्तीतल्याच मुलांनी. ती त्याच वर्गात होती. दिवाळीनंतर तो शाळेत जाईनासा झाला. आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "खाते बाप्पा, पन आंगाले लागत नाई. अन् आता शाळेचं नाव काढलं का पोट दुखते म्हन्ते."

या मुलाचे नाव आम्ही देणार नाही. वर्धा जिल्ह्यातला आहे, एवढे पुरे. या पानावर नेहमी एखाद्या आजाराची माहिती असते. यावेळी आम्ही दोन गोष्टी एकत्र सांगत आहोत, कारण त्या मुलाच्या बाबतीत त्या एकत्रच होत्या: त्याचे अंग वाढत नव्हते आणि शाळेत त्याचा छळ होत होता. आमच्यात नर्सिंग शिकलेली बाई असून आम्हाला पहिली गोष्ट वेळेवर दिसली नाही, आणि दुसरी तर आमच्यामुळेच सुरू झाली.

मूल किती वाढले पाहिजे

जन्माच्या वेळी बाळ साधारण पन्नास सेंटिमीटर लांब असते. वर्षाचे होईपर्यंत ते पंचाहत्तरच्या आसपास जाते आणि वजन जन्माच्या तिप्पट होते. चौथ्या वर्षी उंची शंभरच्या जवळ येते. त्यानंतर मुलगा वयात येईपर्यंत किंवा मुलीची वाढ वेग घेईपर्यंत दर वर्षी पाच-सहा सेंटिमीटर उंची आणि दोन-अडीच किलो वजन वाढते. मुली दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, मुले त्यांच्यापेक्षा दोनेक वर्षे उशिरा. म्हणून सहावी-सातवीत मुलगी उंच आणि तिच्या बाजूला बसलेला मुलगा ठेंगणा, हे अगदी नेहमीचे आहे. त्यात दोघांपैकी कोणाचाच दोष नसतो. पण चिडवले मात्र दोघांनाही जाते.

लोक विचारतात, "याच्या वयाला किती पाहिजे?" एकदा मोजलेल्या आकड्याने फार कळत नाही. आई-बाप ठेंगणे असतील तर मूल ठेंगणे असू शकते आणि तरी ते पूर्ण निरोगी असते. पाहायचे ते हे की मागच्या वेळेपेक्षा मूल किती वाढले. चार वर्षांपासून वयात येईपर्यंतचे मूल वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढले नाही तर डॉक्टरला दाखवायलाच हवे, मग ते दिसायला कितीही ठणठणीत असो.

यासाठी आम्ही एक साधी रीत काढली आहे. १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर या दोन तारखा आपल्या कोणत्याही घराला आठवण करून द्याव्या लागत नाहीत, आणि दोन्हींच्या मध्ये बरोबर सहा महिने आहेत. त्या दोन दिवशी सकाळी दाराच्या चौकटीमागे किंवा आतल्या भिंतीवर मुलाची उंची मारा. चप्पल काढलेली, टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर जाड वही आडवी धरा. तिची एक कड भिंतीला सपाट लागली पाहिजे. मुलीची वेणी किंवा अंबाडा असेल तर सोडा. वहीच्या खालच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. सकाळीच मोजायचे, कारण दिवसभर उभे राहून-चालून माणूस संध्याकाळपर्यंत थोडा दबतो आणि लहानशा फरकात त्याने घोळ होतो. दोन रेघांत अडीच-तीन सेंटिमीटरचे अंतर पडले तर काळजी नको. दोनपेक्षा कमी पडले तर पुढची रेघ येईपर्यंत खाण्यापिण्याकडे नीट लक्ष द्या, आणि पुढचीही तशीच आली तर दवाखाना. पहिलीच रेघ अगदी हलली नसेल, किंवा मूल सारखे आजारी पडत असेल, तर सहा महिने थांबू नका.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. तिथे दर महिन्याला वजन होते आणि दंडाचा घेर पट्टीने मोजतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम कुपोषण. ताईला पट्टीवरचा रंग विचारा. लाल असेल तर घरी वाट पाहत बसू नका.

भिंतीवरची रेघ घराच्या आत असावी, ओट्यावर नको. का, ते वर सांगितलेच आहे. आता आमच्या शिबिरात पडद्याआड एकेक मूल जाते, आकडा फक्त वहीत लिहिला जातो आणि चिठ्ठी आईच्या हातात दिली जाते. मोठ्याने काहीही सांगायचे नाही, "वा, छान वाढलास" हेसुद्धा नाही. एकाला छान म्हटले की रांगेतल्या दुसऱ्याला उत्तर मिळतेच.

वाढ खुंटण्याची कारणे

पहिले कारण सगळ्यांना माहीत आहे, पोटात पुरेसे जात नाही. पण आपल्या वस्त्यांत उपाशी मुलांपेक्षा भात आणि चहावर वाढणारी मुले जास्त दिसतात. पोट भरते, अंग भरत नाही. मुलाच्या ताटात दोन्ही वेळा वरण, उसळ, अंडे, मासोळी, बोटी किंवा शेंगदाणे यांतले काहीतरी असावे. सोयाबीन आपल्या शेतात पिकते आणि बाजारात जाते. त्यातले पायलीभर घरी ठेवा, भाजून गव्हात मिसळून दळा. जवसाची चटणी, हरभऱ्याचा घोळणा, अंबाडी, शेवग्याचा पाला हे आपल्या आज्यांचे खाणे आहे. त्यावर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगात अधिक मुरते, आणि जेवणासोबत चहा घेतला तर ते वाया जाते. पाच रुपयांच्या दोन पुड्यांच्या पैशात एक अंडे येते. शाळेतला पोषण आहार हा मुलाचा हक्क आहे, उपकार नाही: पहिली ते पाचवीला दररोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. महिन्यातून एकदा आईने शाळेत जाऊन ती खिचडी चाखावी.

जंत हे दुसरे कारण. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत व अंगणवाडीत जंतनाशक गोळी मिळते, ती चुकवू नका. तिसरे रक्ताची कमतरता. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्यांना निळी लोहगोळी आठवड्याला एक, अशी सरकारी योजना आहे. ती जेवल्यावर घ्यायची. शौच काळे होते, घाबरू नका.

चौथ्या कारणावर आम्हाला थांबावे लागेल.

सिकलसेल

विदर्भातल्या बौद्ध घरांना हा शब्द नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ हे माहीत आहे. आदिवासी समाजात आणि आपल्या समाजात हा दोष जास्त आढळतो. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांच्या घरच्यांना एकत्र आणण्यात आयुष्य घातले आणि २०१८ मध्ये त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली. तरी आजही लग्नाच्या बोलणीत हा विषय निघाला की दोन्हीकडची मंडळी गप्प होतात. कुंडली आपण सोडली, ते चांगलेच झाले. रक्ताचा कागद मात्र मागायला लाजू नये.

आजार असा आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. या दोषात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या बारीक नसांत अडकतात म्हणून हाडे, पोट, छाती दुखते. लवकर फुटतात म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. शरीर सतत नवे रक्त बनवण्यात आपली शक्ती घालवते, त्यामुळे वाढीला काही उरत नाही. असे मूल वजनाला हलके, उंचीला कमी राहते आणि वयात उशिरा येते.

दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल रुग्ण होते. एकाकडून आला तर ते वाहक. वाहकाला आजार नसतो. तो शेती करेल, पोलिसात जाईल, धावेल. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक. "पहिलं रुग्ण झालं, आता पुढची तीन बिनधास्त" असे गणित होत नाही, प्रत्येक वेळी तीच शक्यता. आणि सुनेला बोल लावणाऱ्या सासवांनी हे दोनदा वाचावे: अर्धा दोष तुमच्या मुलाकडून आलेला असतो.

आमच्या त्या मुलाचे डोळे पिवळट होते. आईने ते कावीळ समजून दोनदा कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले होते. आम्ही शिबिरात वहीत 'कमी वजन, आहार वाढवा' असे लिहून मोकळे झालो होतो. ऑक्टोबर ते एप्रिल त्याची रेघ जेमतेम एक सेंटिमीटर हलली, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या रक्ताची साधी चाचणी झाली. ती दोष आहे की नाही एवढेच सांगते. रुग्ण की वाहक हे कळायला पुढची तपासणी लागते. तो रुग्ण निघाला. आई-बाप दोघे वाहक.

सेवाग्रामच्या रुग्णालयाचे नाव काढले की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडते. इतिहासाचा वाद वेगळा आहे आणि तो आपण सोडलेला नाही. पण लेकराचे रक्त तपासायचे असेल तर सेवाग्राम असो की वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, जिथे तपासणी होते तिथे जायचे.

रुग्ण मुलाच्या घरच्यांनी एवढे पाळावे. पाणी भरपूर, दिवसभर थोडे थोडे. थंडीत अंग झाकलेले. ठरलेल्या लसी आणि फॉलिक ॲसिडची गोळी. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केले असेल तर ते रोज द्यायचे आणि सांगितलेल्या वेळी रक्त तपासायचे, बरे वाटले म्हणून सोडायचे नाही. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, डाव्या कुशीत पोट अचानक फुगले, मूल एकदम पांढरे पडले किंवा हातपाय-तोंड वाकडे झाले, तर त्याच तासाला रुग्णालय, सकाळची वाट पाहू नका. आणि शाळेतली लोहगोळी रुग्ण मुलाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ही गोष्ट शाळेला लेखी कळवा. बाकीच्या मुलांनी मात्र हे वाचून गोळी सोडायची नाही.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास सवलत मिळते. कागद तयार करायला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला किंवा आशाताईला धरा.

शाळेत काय होते

सिकलसेलच्या मुलाची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही. म्हणून त्याला वारंवार लघवीला जावे लागते, आणि मोठे झाले तरी रात्री अंथरूण ओले होऊ शकते. आता वर्गात डोळ्यांसमोर आणा. हा मुलगा दर तासाला हात वर करतो. गुरुजी म्हणतात, "आत्ताच गेला होतास ना?" मुले हसतात. एक दिवस तो जागेवरच ओला होतो. म्हणून तो पाणी पिणेच सोडतो. पाणी कमी झाले की रक्तातल्या पेशी जास्त वाकतात, पाय दुखायला लागतात, मग तो खेळाच्या तासाला बसून राहतो आणि 'आळशी' ठरतो. शिक्षा म्हणून मैदानाच्या दोन फेऱ्या. त्या रात्री ताप.

आमच्या मुलाचे असेच झाले होते. 'अठरा किलो'ला दुसरे नाव जोडले गेले होते ते आम्ही छापणार नाही.

पाणी आणि शाळा म्हटले की आपल्याला साताऱ्याची शाळा आठवते. बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि नळ उघडायला शिपाई नसला की पाणी नाही. आज नळ सर्वांना मोकळा आहे, गोणपाट गेले. पण मुलाला पाण्यापासून दूर ठेवायला नुसते हसणेही पुरते.

चिडवणे आणि छळ यांत फरक आहे. दोन मित्र एकमेकांची खोडी काढतात, भांडतात, संध्याकाळी परत खेळतात, त्यात मोठ्यांनी पडू नये. तेच मूल पुन्हा पुन्हा, जास्त ताकदीच्या किंवा जास्त संख्येच्या मुलांकडून दुखावले जात असेल आणि त्याला ते थांबवता येत नसेल, तर तो छळ. त्यात मारणे येते, डबा हिसकावणे येते, कोणी शेजारी न बसणे येते, मोबाइलच्या ग्रुपवर फोटो टाकून हसणे येते. जातीवरून टोमणे येतात, शिष्यवृत्तीवरून येतात, 'तुमचं काय, तुमचं तर फुकट' हे येते. मुलींच्या बाबतीत अंगावरून बोलणे आणि हात लावणे येते, आणि हात लावणे हा सरळ गुन्हा आहे.

मूल हे घरी सांगत नाही. बहुतेक वेळा त्याला वाटते की बाप म्हणेल, "तूही मार की." अंग मात्र सांगते. सोमवारी सकाळी पोट दुखते, रविवारी दुखत नाही. डबा रिकामा येतो तरी मूल घरी आल्यावर अधाशासारखे खाते. वह्या फाटतात, लांबच्या वाटेने घरी येते, झोपेत दचकते, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. असे दिसले तर "तुला कोणी मारतं का?" असे थेट विचारू नका, "नाही" हेच उत्तर येईल. "मधल्या सुट्टीत तू कुठं बसतो? बाजूला कोण असते?" असे विचारा. आणि जे सांगेल ते ऐकून घ्या. पहिल्या दिवशी उपदेश नको.

अन् "तूही मार" हे? आम्ही कमकुवत व्हा असे म्हणत नाही. समता सैनिक दलाची कवायत, कबड्डी, लेझीम, कुस्ती, ज्युदो हे सगळे मुलामुलींनी शिकावे. त्याने छाती पुढे येते आणि चालणे बदलते. पण अठरा किलोच्या मुलाला तीस किलोच्या चौघांशी लढायला पाठवणे म्हणजे मोठ्यांनी आपले काम मुलावर ढकलणे.

आमची दुसरी चूक

निदान झाल्यावर आम्ही तडक शाळेत गेलो. दहा-बारा बाया, निळ्या पट्ट्या, आवाज चढलेले. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि एक शब्द कबूल केला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलाला ऐकावे लागले, "आपली फौज घेऊन आला." तो आठवडाभर परत घरी.

दुसऱ्यांदा आई, बाप आणि आमच्यातली एक, असे तिघेच गेलो. दोन प्रतींत अर्ज नेला, एका प्रतीवर सही-शिक्का घेतला. अर्जात शिव्या नव्हत्या, आरोप थोडे होते. तारीख, जागा आणि काय झाले ते लिहिले. सोबत डॉक्टरांचा कागद जोडला. मागणी चारच होत्या: बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्यावी, लघवीला न विचारता जाऊ द्यावे, फेऱ्या, उठाबशा आणि उन्हात उभे करणे ही शिक्षा देऊ नये, आणि वर्गशिक्षकांनी त्याची जागा बदलावी. पहिल्या तीन त्याच दिवशी मान्य झाल्या. शिक्षा करू नये हे तसेही शाळेच्या हातात नव्हतेच. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ याला बंदीच आहे.

अर्ज अडकला तर पुढची पायरी शाळा व्यवस्थापन समिती. सरकारी आणि अनुदानित शाळेत या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आपली माणसे त्यात असतात, पण बैठकीला सही करून येतात. २०२२ पासून शाळांत 'सखी सावित्री' समितीही असायला हवी, तिची नावे भिंतीवर लावलेली आहेत का ते पाहा. त्याच्या वर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. मुलाला तातडीचा धोका असेल तर १०९८ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो.

जातीवाचक बोलण्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. शिक्षकाने किंवा कोणत्याही मोठ्या माणसाने चारचौघांत जातीवरून अपमान केला तर चहावर मिटवू नका, त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण बारा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या बारा वर्षांच्या मुलाला काही म्हटले तर आधी पोलीस ठाणे नको. तो मुलगा ते घरी शिकला असतो. शाळेने त्याच्या आई-बापाला बोलवावे आणि तुम्ही समोर बसावे.

एक कडू गोष्ट. आमच्या मुलाला छळणाऱ्या पाचांपैकी तिघे आपल्याच वस्तीतले होते. पंचशील पाठ असलेली घरे. त्याच वर्गात पारधी बेड्यावरून येणारी एक मुलगी होती, तिच्या शेजारी आपली मुलेही बसत नव्हती. तुमचे मूल छळ सोसते का हे विचाराल, तेव्हा ते छळ करते का हेही विचारा. आणि घरात जेवताना कोणाला काळ्या, लंगड्या, बुटक्या म्हणता तेही आठवा.

वस्तीत काय करता येते

आपल्या जिल्ह्यात हे काम नवे नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक आरोग्य विभागाने २००३ पासून पाच वर्षे आंजी, गौळ आणि तळेगाव या आरोग्य केंद्रांच्या गावांत बालकांच्या आरोग्याचा एक मोठा उपक्रम चालवला. त्यात गावोगावी किशोरी पंचायती उभ्या राहिल्या. वयात आलेल्या मुली आरोग्याची माहिती घेत आणि घरी, शेजारी सांगत. मोठ्या बाईने सांगितलेले जे आई ऐकत नाही ते तिची मुलगी तिला ऐकवते.

ती कल्पना आम्ही उचलली. वस्तीतल्या सातवी ते दहावीच्या मुलामुलींचा गट केला. १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबरला रेघा मारायचे काम त्यांचे. रविवारी सकाळी तासभर विहाराच्या मैदानावर लहान मुलांचे खेळ घेणे त्यांचेच. खेळांचा एकच नियम आहे: संघ मुलांनी निवडायचे नाहीत. चिठ्ठ्या टाकायच्या. 'हा नको, तो घे' हे शब्द ज्याने लहानपणी रोज ऐकले त्याला चिठ्ठी काय असते ते कळेल. सिकलसेलच्या मुलाने खेळायला हरकत नाही, दमला की त्याने स्वतः थांबायचे आणि पाणी प्यायचे. म्हणून आम्ही सगळ्यांनाच दर पंधरा मिनिटांनी पाण्यासाठी थांबवतो, म्हणजे त्याचे एकट्याचे थांबणे उठून दिसत नाही.

या मोठ्या मुलांना आम्ही दुसरे काम दिले ते बघ्यांचे. छळ करणारे दोन-तीन असतात, सोसणारा एक, आणि हसत किंवा गप्प उभे राहणारे वीस. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी जो कार्यक्रम तयार केला, त्यात सगळा भर या बघ्यांवर आहे. हसू बंद झाले की छळणाऱ्याचा खेळ बसतो. आमच्या मुलांना आम्ही शूर व्हा असे सांगितले नाही. तीनच गोष्टी सांगितल्या: हसू नका, नंतर त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि मोठ्या माणसाला सांगा. सांगणे म्हणजे चुगली नाही हे मात्र पुन्हा पुन्हा समजावावे लागते. मोठ्यांनाही.

सरकारचे आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. मुलांचे दात, डोळे, कान, हृदय, वाढ सगळे तपासते आणि पुढच्या उपचाराला पाठवते. त्या दिवशी मूल घरी राहू नये, आणि आईला जाता आले तर तिने जावे. पथक केव्हा येणार हे मुख्याध्यापकांना विचारून विहाराच्या फळ्यावर लिहिणे एवढे एक काम कोणत्याही महिला मंडळाला जमेल.

तो मुलगा आता आठवीत आहे. 'अठरा किलो' पूर्ण गेलेले नाही, चिडले की एखादा म्हणतोच. हिवाळ्यात तो दोनदा रुग्णालयात राहिला. गोळ्या चालू आहेत. पाण्याची बाटली बाकावर असते, आणि त्याच्या शेजारच्या दोन मुलांनीही आता बाटल्या ठेवायला सुरुवात केली आहे. या १४ एप्रिलला त्याची रेघ ऑक्टोबरच्या रेघेपेक्षा अडीच सेंटिमीटर वर गेली. ती त्याने स्वतः मारली, वही आईने धरली.

येत्या १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या घरांनी पहाटे निघण्याआधीच रेघ मारून घ्यावी. पेन्सिल आदल्या रात्री शोधून ठेवा.